मांत्रिकाचा उतारा, तलाठ्याचा उतारा

नाशिकला कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांइतकेच बसणारेही असतात. मी बसणाऱ्यांतला. गेल्या महिन्यात आमच्या कट्ट्यावर एक व्हिडिओ या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरला. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, बहुधा कुठल्याशा वसतिगृहाची खोली. ती लहान पोरीच्या आवाजात रडते, मग एकदम जाड्या स्वरात कुणाला तरी दम भरते आणि मग भोवतीच्या मैत्रिणींकडे बघून विचारते, "काय गं, तुम्ही सगळ्या इथे कशाला जमलात?" एवढंच, दीड मिनिटाचं. आमच्यात तीन पक्ष पडायला तेवढाही वेळ लागला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या मते हे बाहेरचं होतं, त्र्यंबकला नेऊन नारायण नागबळीचा विधी करायला हवा, तीन दिवसांत मोकळी होईल. एका माजी प्राध्यापकांच्या मते शुद्ध नाटक. परीक्षा जवळ आली की असले झटके येतात आणि दोन थोबाडीत बसल्या की जातात. तिसऱ्यांना पुण्यात शिकणाऱ्या नातीने सांगितलं होतं की याला डीआयडी म्हणतात, "ते पिक्चरमध्ये असतं ते, एका अंगात दहा माणसं आणि त्यातलं एक खुनी."

पंधरा दिवस हे चाललं. वाद तीन बाजूंचा दिसत होता खरा, पण नीट ऐकलं तर तिघांचा प्रश्न एकच होता: आत कोण आहे आणि त्याला बाहेर कसं काढायचं? बँकवाल्यांना भूत काढायचं होतं, प्राध्यापकांना सोंग उतरवायचं होतं आणि तिसऱ्यांना, गोळ्या देऊन का होईना, ती 'बाकीची माणसं' घालवायची होती. माझं म्हणणं असं की काढायला निघणं हीच मूळ चूक आहे, आणि हे मी उशिरा शिकलो, तेही स्वतः चुकून. डीआयडी म्हणतात त्या अवस्थेत बाहेरून कुणी आत आलेलं नसतं, मग बाहेर घालवायचं कुणाला? जे आहे ते सगळं त्या एकाच माणसाचं आहे, लहानपणी एकत्र विणलं जायचं राहून गेलेलं. त्या सुट्या धाग्यांची एकमेकांशी ओळख होणं, हे बरं होणं. या सगळ्या गलक्यात जो प्रश्न कुणीच विचारला नाही तो अगदी साधा होता. त्या मुलीला असं विभागून राहायची गरज का पडली असेल?

आधी थोडी माहिती, कारण कट्ट्यावर तिचाच खडखडाट होता. डीआयडी म्हणजे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, आणि या लांबलचक नावामागे दोन गोष्टी असतात. एक, माणसाच्या ओळखीच्या दोन किंवा अधिक अवस्था आळीपाळीने वागण्याचा ताबा घेतात. दोन, आठवणीत अशी भोकं पडतात की 'विसरलो असेन' म्हणून भागत नाही. मनाचे असे सुटे पडलेले भाग काही समाजमाध्यमांच्या पिढीने शोधलेले नाहीत. फ्रान्समध्ये प्येर जाने या मानसशास्त्रज्ञाने १८८९ साली त्यांवर प्रबंध लिहिला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली 'मल्टिपल पर्सनॅलिटी' असं स्वतंत्र नाव आलं आणि १९९४ साली ते बदलून आताचं नाव आलं. ही निव्वळ रंगसफेदी नव्हती. अडचण व्यक्तिमत्त्वं जास्त असण्याची नसून एकही धड जुळून न आल्याची आहे, हे त्यातून सांगायचं होतं. मराठीत मात्र आपण अजून 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणतो आणि तोच शब्द स्किझोफ्रेनियाच्याही गळ्यात अडकवतो. हे दोन आजार निराळे, त्यांचे उपचार निराळे. एका शब्दाच्या आळसापायी एकाचे उपचार दुसऱ्याला मिळतात, वर्षानुवर्षं. निदान होईपर्यंत असे रुग्ण साधारण पाच ते बारा वर्षं मानसोपचारांच्या दारोदार फिरत राहतात, असं परदेशी अनुभव सांगतो. तिथे ही गत, तर इथलं काय विचारता?

आता प्राध्यापकांचा मुद्दा, कारण तिघांत तोच सर्वांत भक्कम आहे. नाटक म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे आणि तो साधासुधा नाही. १९७३ साली अमेरिकेत एका बाईच्या सोळा व्यक्तिमत्त्वांची कहाणी सांगणारं पुस्तक आलं, ते तडाखेबंद खपलं, मग त्यावर टीव्हीपट निघाला. तोवर वैद्यकीय वाङ्मयात मोजकेच रुग्ण नोंदलेले होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांचे हजारो झाले. संमोहन करकरून 'दडलेल्या आठवणी' उकरणाऱ्या थेरपिस्टांची तिकडे लाटच आली. रुग्णांना सैतानपूजकांच्या टोळ्या आठवू लागल्या, ज्यांचा पोलिसांना मागमूस लागला नाही. घरं फुटली. पुढे काही रुग्णांनी त्याच थेरपिस्टांवर दावे लावले आणि भरपाई मिळवली. सूचनेने, आग्रहाने, डॉक्टरला खूश करण्याच्या ओढीने माणूस स्वतःविषयी काहीबाही खरं मानू लागतो, हे त्या काळाने सिद्धच केलं. आणि लॉकडाउनमध्ये आपापल्या खोलीत बसून रिळं बघत स्वतःचं निदान स्वतःच करणाऱ्या पोरांची लाट तर आपण सगळ्यांनीच पाहिली. हे सगळं मी मान्य करतो, हातचं न राखता.

पण यातून नेमकं काय सिद्ध होतं? वाईट उपचाराने खोटे रुग्ण तयार होतात, एवढंच. खरे रुग्ण नसतातच हे त्यातून निघत नाही. आणि नाटक म्हणायचं तर नाटकाचा तरी नीट विचार करू. नाशिकला नाटक कळतं असं आपण मानतो. कालिदास कलामंदिराच्या विंगेत उभं राहून पाहिलेल्या कुणालाही विचारा. नटाला पडदा पडल्यावर आपण काय बोललो ते आठवतं, टाळी कुठे पडली ते तर जन्मभर आठवतं. नटाला प्रेक्षक लागतात. या आजाराचे बहुतेक रुग्ण प्रेक्षक टाळतात. आपण काल काय बोललो हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं, न आठवणाऱ्या भेटीवर "हो हो, आठवतंय ना" म्हणून हसायचं, यातच त्यांची निम्मी शक्ती जाते. लपवण्यासाठी एवढे कष्ट कोणता नट करतो? नेदरलँड्समध्ये संशोधकांनी हा नाटकाचा आरोप प्रयोगशाळेतच नेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ११ रुग्ण होते आणि त्यांच्यासमोर निरोगी माणसांचे दोन गट, त्यांतला एक मुद्दाम कल्पनाविलासात रमणाऱ्यांचा. या निरोगी मंडळींना दोन ओळखींचा अभिनय शिकवला, मेंदूतला रक्तप्रवाह आणि हृदयाचे ठोके मोजले. अभिनय करणाऱ्यांना रुग्णांसारखा नकाशा उमटवता आला नाही. अकरा म्हणजे फार नाहीत, हे कबूल. पण थोबाडीत मारण्याच्या बाजूने तेवढाही प्रयोग कुणी केल्याचं मला ठाऊक नाही.

'नाटक करतोय' हा शेरा इतिहासात कुणाकुणावर मारला गेला, हेही जरा आठवावं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत, मुके होऊन, आपलं नाव विसरून परतलेल्या सैनिकांना भेकड ठरवणारे काही मूर्ख नव्हते, शिकलेसवरलेले अधिकारी होते. पळून जाणं, भेकडपणा असल्या आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली. जवळजवळ नव्वद वर्षांनी. त्यांत युद्धाच्या धक्क्याने मन ढासळलेलेही होते.

आता माझी चूक. पंचविसेक वर्षांपूर्वी मी तरुण आणि फार विवेकी होतो. आम्ही पाच-सहा जण गावोगाव जाऊन चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचो. लिंबातून रक्त, पाणी शिंपडून पेटणारा नारळ, जिभेवर कापूर. लोक टाळ्या वाजवायचे. निफाडकडच्या एका वस्तीवर एक तिशीची बाई होती, तिच्या अंगात यायचं. आम्ही ठरलेलं आव्हान घेऊन गेलो: बंद पाकिटातल्या नोटेचा नंबर सांगा. बाई घुमत होती, केस सुटलेले, ओटीवर पन्नासेक माणसं. मी पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने नंबर सांगितला नाही. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, अगदी बारीक आवाजात, "मला माळ्यावर ठिवू नका." मी गर्दीकडे वळून म्हणालो, "बघा, नंबर येत नाही. येणारच नाही." लोक हसले. तिचा नवरा हसला नाही, सासरा हसला नाही. आम्ही चहा घेतला आणि विजयी मुद्रेने पाचची एसटी पकडली.

तिला डीआयडी होता असं मी म्हणत नाही, मला ते कळायचं काही कारण नाही. पण माळ्यावर कोण, कधी, कुणाला ठेवत होतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नोटेचा नंबर मात्र मला आजही पाठ आहे. अंधश्रद्धेविरुद्धचं काम चुकीचं होतं असा याचा अर्थ काढू नये. ते काम मी पुन्हा करीन. पण 'तुझ्यात देव नाही' हे सिद्ध झालं की आपलं काम संपलं, असं मानणारा विवेक अर्धवट असतो. देव नाही, ठीक. मग जे आहे ते काय आहे?

बँकवाल्यांचं म्हणणंही मला झटकून टाकता येत नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर जाऊन या. पायऱ्यांवर कितीतरी बायकांच्या अंगात येतं. वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या बाईपुढे तेवढा वेळ सासरा हात जोडतो. संबळ थांबतो, बाई पाणी पिते, पदर सावरते आणि शेंगदाण्याच्या लाडवाचा भाव करायला लागते. हिला आजारी म्हणणारा मीच बावळट ठरेन. आणि विज्ञानही तिला आजारी म्हणत नाही. २०१३ सालच्या अमेरिकन पुस्तिकेने एकीकडे 'झपाटल्याचा अनुभव' हे डीआयडीचं एक रूप असू शकतं असं मान्य केलं आणि त्याच दमात बजावलं की समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो विकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली वर्गवारीही हीच रेघ ओढते. मग फरक कशात? गडावरचं येणं ठरल्या वेळी येतं, ठरल्या वेळी जातं आणि बाई हलकी होऊन घरी परतते. आजारातलं येणं वेळकाळ पाळत नाही, नको असताना येतं, नोकरी घालवतं, पोराला शाळेतून आणायचं विसरायला लावतं, मनगटावर ब्लेड चालवतं. देवीला लाडवाचा भाव करायला वेळ असतो, आजाराला नसतो.

म्हणून 'आधी लोकांच्या डोक्यातून देवी काढा, मग उपचार करा' हा आमच्या जुन्या मंडळींचा आग्रहही मला पटत नाही. आपल्याच भाषेतला एक दाखला बघा. गोवर-कांजिण्यांपेक्षा भयंकर असा तो रोग आपण देवीच म्हणत होतो. १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला त्याची पहिली लस टोचली. पुढे गावोगाव लस टोचणारे फिरू लागले, तेव्हा लोकांनी त्या टोचण्याला काय म्हटलं? 'देवी काढणं'. 'पोराच्या देवी काढल्या का?' असं आमची आजी विचारायची आणि तिला त्यात धर्म बुडाल्यासारखं वाटत नसे. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही, विरोध झाला, सक्तीही झाली. पण १९७७ साली भारत त्या रोगातून मुक्त जाहीर झाला तेव्हा शब्द जिथल्या तिथे होता, रोग गेला होता. लोकांनी नाव सोडण्याची अट सरकारने घातली असती तर आजही दंडावर वणाऐवजी तोंडावर वण दिसले असते. मुलीच्या आईने बाहेरचं म्हटलं तर म्हणू द्या. अंगारा लावायचा तर लावा. त्याच रिक्षाने मानसोपचारतज्ज्ञाकडेही चला, एवढंच सांगणं असावं.

एक रेघ मात्र ओलांडू द्यायची नाही, ती हात उगारण्याची. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही कुणाला साखळदंड घालू देत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपड्यांना आग लागली. साखळ्या असल्यामुळे पळता आलं नाही, २८ मनोरुग्ण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे नातेवाईक काही दुष्ट नव्हते. त्यांनाही काहीतरी 'काढायचं'च होतं. आणि दोन थोबाडीत मारा म्हणणाऱ्या आमच्या प्राध्यापकांनी त्या मांत्रिकापेक्षा आपण फार वेगळं सांगत नाही, हे लक्षात घ्यावं. मारून बाहेर काढायचं, इतकीच दोघांची उपचारपद्धती.

मग हे तिन्ही पक्ष आपल्याला इतके प्रिय का? मला वाटतं, भुताला आडनाव नसतं म्हणून. भूत पिंपळावरून येतं, नाटक पोरीच्या स्वभावातून येतं, सिनेमातला आजार आभाळातून पडतो. तिन्हींत घरातल्या कुणाला काही विचारावं लागत नाही. आपल्या नाशिकने इंग्रजी भाषेला वेडासाठी एक शब्द दिलाय, हे अनेकांना ठाऊक नसतं. मुदत संपलेले गोरे सैनिक परतीच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. काम नाही, ऊन मरणाचं, बोट कधी ते कुणी सांगत नाही. काही भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून 'डूलॅली' हा शब्द निघाला आणि विलायतेत आजही तो डोकं फिरलेल्यासाठी वापरतात. बघा कशी गंमत आहे. माणसांना वाट बघायला लावलं लष्कराने आणि वेडाला नाव मिळालं देवळालीचं.

डीआयडीच्या मुळाशी काय सापडतं? अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या रुग्णांत सुमारे ९० टक्के जण लहानपणीचा छळ किंवा आबाळ सांगतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं 'मी' अजून मुरलेलं नसतं. त्या वयात ज्याच्या कुशीत शिरायचं त्याचीच भीती वाटायला लागली तर मूल काय करील? पळता येत नाही, मारता येत नाही, सांगितलं तर कुणी ऐकत नाही. ते मनातल्या मनात तिथून निघून जातं. जे घडतंय ते 'दुसऱ्या कुणाला' घडतंय. रात्रीचं सोसणारी एक, सकाळी डबा घेऊन शाळेत जाणारी एक, आणि दोघींत दार बंद. ही त्या वयातली शहाणीव आहे. वेड म्हणावं असं त्यात काही नाही. आणि आपल्याकडे हे घडत नाही, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, महाराष्ट्र त्यात होता. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला आणि छळणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. भुतांची अशी पाहणी अजून व्हायची आहे.

इथे मलाही सावध राहायला हवं. आजार दिसला म्हणून घरातल्या कुठल्या काकावर बोट ठेवता येत नाही. उलटं गणित मांडायचं नसतं. लहानपणीची लांबलचक दुखणी आणि शस्त्रक्रिया, आईचं अचानक जाणं, युद्ध, अशाही वाटा असतात. अमेरिकेतली ती सगळी शोकांतिका आठवणी खणून काढण्याच्या हव्यासातून घडली. म्हणून चांगला थेरपिस्ट खणत नाही. तो आधी विचारतो, आज रात्री तू कुठे झोपणार आहेस आणि तिथे तू सुरक्षित आहेस का?

हे मला कळलं ते नात्यातल्या एका मुलीमुळे. मुलगी म्हणतो, पण चाळिशीची आहे. तिच्या परवानगीने आणि ओळख पुसून लिहितो. इंदिरानगरकडे राहते, एका औषधांच्या दुकानाचे हिशोब बघते. फिट्स म्हणून, डिप्रेशन म्हणून, मग एका भगताकडे आणि एकदा मोठा खर्च करून विधीसाठी, अशी नऊ वर्षं फिरली. एकदा मला म्हणाली, "काका, दुधाला कसे खाडे पडतात, तसे माझ्या दिवसांना पडतात." आणि तिने स्वयंपाकघरातलं कालनिर्णय भिंतीवरून काढून माझ्यापुढे ठेवलं. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशोब. पण अक्षरं तीन. तिचं स्वतःचं बारीक, हिशोबनीसाचं. एक टोकदार, शेवटी दणकट रेघ मारणारं: 'खाडा. पैसे देऊ नये.' आणि एक शाळेतल्या पोरीचं, रेषेवर न बसणारं, वेलांट्या उलट्या. "हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे मीच लिहिलंय. घरात दुसरं आहे कोण?"

तिच्या थेरपिस्टने पहिलं दीड वर्ष भूतकाळाला हातच लावला नाही. झोप, जेवण, दाराची कडी, नको त्या नातेवाइकाचा फोन नंबर ब्लॉक. घाबरून दूर जायला लागलं की थंड पाण्यात हात, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं आणि भिंतीवरची तारीख मोठ्याने वाचणं. कालनिर्णय इथेही कामी आलं. तिच्यातली जी 'धाकटी' आहे तिच्या लेखी अजून १९९१ चालू होतं. तिला तारीख दाखवावी लागायची: हे बघ, साल बदललंय, आपण नाशकात आहोत, तो आता या घरात येत नाही. दुसरी 'मास्तरीणबाई', टोकदार अक्षराची, हाताला चटके देणारी. तिला घालवा असं ही रडून म्हणायची. थेरपिस्टने घालवायला नकार दिला. चटके देणारी आहे म्हणून ती दुष्ट असेलच असं नाही, तिला विचारू, ती कशाची राखण करते आहे. उत्तर यायला आठ महिने लागले. पोरगी रडली की त्या माणसाला राग यायचा, म्हणून रडू येण्याआधीच तिला गप्प करायचं, हे मास्तरीणबाईंचं काम होतं. तीस वर्षं त्या इमानेइतबारे ते करत होत्या. काम संपल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

जगभरची रीतही साधारण अशीच तीन टप्प्यांची आहे. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग पेलेल तेवढंच भूतकाळाशी तोंड देणं, मग जुळवणी आणि पुढचं आयुष्य. डीआयडीवर म्हणून एखादी गोळी नाही. झोप, नैराश्य, भीती यांवर औषधं असतात आणि ती घ्यावी लागतात. शेवटी काही जणांचे सगळे भाग एकजीव होतात, काही जणांचे होत नाहीत. ते एकमेकांना निरोप देत, विचारत, नीट नांदतात. दुसऱ्याला बरं होणं म्हणायचं की नाही, यावरही आमच्या कट्ट्यावर वाद होईल. माझा कौल सरळ आहे. आपल्याकडे उतारा शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मांत्रिकाचा. दहीभात, लिंबू, हळदकुंकू ओवाळून तिठ्यावर टाकायचं आणि मागे न बघता यायचं. दुसरा तलाठ्याचा, सातबाऱ्याचा. जमीन एक, नावं पाच. कुणाचं नाव परस्पर खोडता येत नाही. खोडलं तर पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात. आधी सगळ्यांना बसवावं लागतं, कोण काय कसतं ते लिहावं लागतं, मग पुढे सगळ्यांनी मिळून एकच खातं करायचं की विहिरीच्या पाळ्या लावून गुण्यागोविंदाने कसायचं, ते त्यांचं ते ठरवतात. दोन्ही तऱ्हांनी द्राक्षं येतात. आपण मात्र मन दुखलं की पहिल्या उताऱ्याकडे धावतो.

शेवटचा आक्षेप मला कट्ट्यावरच्या कुणी घेतला नाही, माझ्या बायकोने घेतला, आणि त्यापुढे मी निम्मा गप्प झालो. ती म्हणाली, "हे सगळं पाच-पाच वर्षांचं, दर आठवड्याचं, पैसे कुठून आणायचे? आणि असा माणूस शोधायचा कुठे?" खरं आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे, डॉक्टर भरपूर आहेत, पण मनावरच्या आघातावर सबुरीने काम करणारे थेरपिस्ट बोटांवर मोजावे. त्या मुलीची निम्मी सत्रं पुण्याच्या बाईंशी मोबाइलवर होतात, दुकानाच्या गोदामात, खोक्यांवर बसून. या उपचारांचा पुरावाही अजून पातळ आहे. १९ देशांतल्या २८० रुग्णांच्या एका पाहणीत उपचारांबरोबर स्वतःला इजा करणं आणि रुग्णालयात भरती होणं कमी झालेलं दिसलं, पण तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट त्यात नव्हता. मात्र खर्चाचंच बोलायचं तर नऊ वर्षं चुकीच्या गोळ्या, तपासण्या आणि विधी यांची पावती कुणी जोडून बघितली आहे का? २०१७ चा कायदा विमा कंपन्यांना सांगतो की शरीराच्या आजाराला जसं संरक्षण देता तसंच मनाच्या आजारालाही द्या. आठवड्याच्या सत्रांचं बिल घेऊन त्या दारात किती जण गेले? २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. त्याने डीआयडी बरा होणार नाही. पण वसतिगृहातल्या त्या मैत्रिणींनी व्हिडिओ काढण्याऐवजी हा नंबर लावला असता तर दीड मिनिटात निदान पक्ष तरी पडले नसते.

तो व्हिडिओ मी कट्ट्यावर सगळ्यांना पुसायला लावला. बँकवाले लगेच तयार झाले, प्राध्यापक दोन दिवसांनी. "पण तिला नेमकं काय झालंय ते कळलंच नाही शेवटी," असं ते कुरकुरले. मला तरी कुठे कळलंय? नावगाव माहीत नसलेल्या पोरीचं निदान दीड मिनिटाच्या चित्रावरून करणारे आपण कोण? त्यांनी मग त्या दुसरीचं विचारलं, कालनिर्णयवालीचं. बरी झाली का?

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो. चटक्यांचे डाग जुने झालेत. महिन्याचे तीन-चार दिवस अजून हातातून जातात, पूर्वी दहा-बारा जायचे. ती चहा ठेवत होती, म्हणून मी सवयीने भिंतीकडे पाहिलं. सतरा तारखेच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात '१ लि.' आणि खाली, उलट्या वेलांटीने, 'साय मला ठेव'. ओट्यावर ताटलीखाली एक वाटी झाकलेली होती. मी ताटली उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे काका, ती तुमची नाही."